एकही खोटा भोंगा नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी बक्षीस मिळालेली आहे, म्हणून लिहायलाच हवी. आज चहाच्या सुट्टीत साहेबांनी सगळ्या हॉलसमोर माझं नाव घेतलं आणि ही निळ्या पुठ्ठ्याची डायरी हातात ठेवली. "आठ महिने झाले, एकही खोटा भोंगा नाही," म्हणाले. टाळ्या पडल्या. बाटल्या भरणाऱ्या बायकांनी जरा जास्तच वाजवल्या, कारण पूर्वी खोटा भोंगा झाला की त्यांनाच तासभर उन्हात मैदानात उभं राहावं लागायचं.

हे मी कसं जमवलं ते इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या दुसराच कुणी श्रेय लाटेल. आमच्या कारखान्यात हात स्वच्छ करायचं स्पिरिट बाटल्यांत भरतात. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी माणसाला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून छताखाली सहा सेन्सर बसवलेत. ज्योतीतून निघणारे, आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण ते टिपतात. आम्ही त्यांना डोळे म्हणतो. त्यांची देखभाल माझ्याकडे. डोळ्याने आग पाहिली की कंट्रोल रूमच्या पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि हॉलमध्ये भोंगा वाजतो.

यातले दोन-तीन डोळे फार चक्रम होते. बाटल्यांवर प्लास्टिक चढवणाऱ्या गरम मशीनसमोरून माणसं ये-जा करू लागली की त्यांना आगीचा भास व्हायचा. मला वाटलं, तोंडावर उडालेले शिंतोडे आणि धूळ यांनीच ते बिघडतायत. मग मी फोटोफ्रेमवाल्याकडून सहा गोल काचा कापून आणल्या आणि चिमट्याने एकेका डोळ्यावर बसवल्या. त्या दिवसापासून सगळे गप्प! दर महिन्याला मी शिडीवर चढते, काच काढते, लखलखीत पुसते, चाचणीच्या दिव्याने डोळा तपासते आणि काच परत लावते. दर वेळी सहाच्या सहा पास.

पॅनेलवर आमच्या नणंदबाई बसतात. अकरा वर्षं तिथेच. मला या नोकरीत चिकटवणाऱ्याही त्याच, आणि ते त्या विसरू देत नाहीत. म्हणजे बोलून दाखवत नाहीत, पण नजरेत असतं. घरी आल्यावर त्यांना डायरी दाखवली तर म्हणाल्या, "आठ महिने पॅनेल इतकं शांत आहे की मला भीतीच वाटते." घ्या! कुणाचं कौतुक म्हणून करायचं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुरक्षेचा वर्ग घेतला. दरवर्षी मीच घेते. यंदा तीस जण होते. तीन नंबरच्या लाइनचे मास्तरही येऊन बसले. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. अक्षर मोत्यासारखं आहे, त्यामुळे फळ्यावर लिहायला मी त्यांनाच बोलावते. आज त्यांच्याकडून माझं नेहमीचं वाक्य लिहून घेतलं: 'स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, वरच्या डोळ्यांवर ठेवा.' भोंगा वाजला की काही दिसत नसलं तरी पळायचं. वाजला नाही तर विनाकारण घाबरून काम थांबवायचं नाही.

मास्तरांनी खडू खाली ठेवत विचारलं, "आणि बाई, वरचा डोळाच पेंगत असला तर?"

"मास्तर, तुमची पोरं वर्गात पेंगत असतील. माझी नाही पेंगत."

सगळे हसले. मास्तरही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आग लागली.

सकाळी अकरा वीसला. तीन नंबरच्या लाइनवर नळी सुटली आणि स्पिरिट टेबलभर पसरलं. ठिणगी कुठून पडली कुणाला माहीत नाही. कुणालाच काही दिसलं नाही. ऊन थेट टेबलावर येत होतं. मी दोन नंबरपाशी होते, मला इतकंच दिसलं की मास्तर नेहमीसारखे शांतपणे पुढे झाले आणि गळणारी नळी बंद करायला त्यांनी दोन्ही हात घातले. मग ते ओरडले. त्यांच्या शर्टाच्या बाह्या आपोआप काळ्या पडत वर वर सरकत होत्या. ज्योत नाही, धूर नाही, नुसत्या बाह्या आखडत चालल्या होत्या. मी ते बघत उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही.

भोंगा वाजला नाही. भिंतीवरचं बटण एका भरणाऱ्या बाईने मुठीने फोडलं तेव्हा वाजला.

कंट्रोल रूममधून नणंदबाई धावत आल्या. पायात एकच चप्पल. "लागलाच नाही गं दिवा, लागलाच नाही," एवढंच म्हणत होत्या.

अक्षर बघा कसं आलंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. बोटांचं काय ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.

कारखाना अर्धा बंद आहे. साहेबांनी सगळ्यांना बोलावून एकच प्रश्न विचारला: भोंगा का वाजला नाही? उत्तरं दोनच. एक तर डोळ्यांनी पाहिलं नाही, नाहीतर पाहिलं आणि पॅनेलवर कुणीतरी गप्प करायचं बटण दाबलं. पॅनेल जुनं आहे. त्याची नोंद छापणारा प्रिंटर गेल्या वर्षापासून बंद आहे, त्यामुळे कागदावर काही नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू नणंदबाईंकडे वळल्या. माझीही वळली. त्या टेबलाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत होत्या. खाई त्याला खवखवे, म्हटलं मनात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांनी मला अहवाल द्यायला सांगितला. तीन नंबरवरचे दोन्ही डोळे उतरवले. त्याआधी काचा काढून, पुसून ड्रॉवरमध्ये ठेवल्या, हाताला सवयच ती. डोळे वर्कशॉपच्या टेबलावर जोडले. बशीत चमचाभर स्पिरिट घेऊन काडी लावली. दोन सेकंदांत पहिल्या डोळ्याच्या अंगावरचा छोटा लाल दिवा लागला, पाठोपाठ दुसऱ्याचा. पाच वेळा केलं. पाचही वेळा लाल दिवा. माझे डोळे ठणठणीत आहेत! छातीवरचा दगड उतरला.

अहवालात लिहिलं: 'दोन्ही सेन्सर निर्दोष. खऱ्या ज्योतीवर तपासले.' सही केली. चार वाजता नणंदबाईंना निलंबनाचं पत्र मिळालं.

घरी हे माझ्याशी बोलत नाहीयेत. म्हणाले, "माझी बहीण तसं करणार नाही." मी म्हटलं, "मग माझे डोळे खोटं बोलतायत का?" आणि खरं सांगायचं तर इथे कोण वाचतंय, जरा बरंच वाटलं. अकरा वर्षं खुर्चीत बसून डुलक्या काढायच्या आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची. स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलमध्ये गेले होते. मास्तरांचे हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून दोन उशांवर ठेवलेत. त्यांची बायको चमच्याने पेज भरवत होती. मी काय बोलावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "मास्तर, तुम्ही हात कसा घातलात?"

"मला वाटलं, नुसतं सांडलंय," ते म्हणाले. "जरा गरम लागलं चेहऱ्याला. क्षणभर शंका आली. वर बघितलं. म्हटलं, भोंगा नाही म्हणजे आग नाही. तुम्हीच शिकवलंत ना बाई."

ते टोमणा मारत नव्हते. वर्गातल्या पोराने धडा म्हणून दाखवावा तसं म्हणाले. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि परत पेज ढवळायला लागली.

बाहेर येऊन जिन्यात बसले. आणि मग नणंदबाईंचा इतका राग आला की काय सांगू. त्या बटणाच्या एका दाबापायी एका माणसाचे हात गेले!

२६ फेब्रुवारी, बुधवार

तो राग आज घरी निघाला. जेवणाच्या टेबलावर मी म्हटलं, "ताई, निदान मास्तरांना तरी खरं सांगा. चुकून दाबलं गेलं म्हणा."

नणंदबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिवा लागलाच नाही तर दाबू काय?"

"मी स्वतः तपासलेत. पाच वेळा."

"हो, वाचला मी अहवाल." आणखी दोन देठ मोडले. मग म्हणाल्या, "अगं, आग लागली तेव्हा डोळ्यांवर काच होती. तू तपासलंस तेव्हा होती का?"

मला हसूच आलं. "ताई, काच आहे ती! आरपार दिसतं तिच्यातून. फळी नाही ठोकली मी."

"असेल बाई. मला त्यातलं काय कळतंय," म्हणाल्या आणि देठं उचलून आत गेल्या.

उद्या काच लावून तपासते आणि दिवा लागलेला फोनवर टिपून दाखवतेच त्यांना. नसती खुसपटं काढायची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काच लावली. स्पिरिट पेटवलं. दिवा लागला नाही.

काच काढली. लागला.

लावली. नाही लागला.

बशी अगदी जवळ नेली, वीतभर अंतरावर. बशीखालचा कागद जळला. डोळा काळा ठिक्कर. काचेतून मला तो डोळा स्वच्छ दिसत होता, पुसून लखलखीत केलेल्या काचेतून, आणि त्याला मी दिसत नव्हते, बशी दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं.

किती वेळा केलं ते मोजलं नाही. स्पिरिट संपलं तेव्हा थांबले.

आठ महिने. सहाही डोळे. आंधळे मी केले. आणि दर महिन्याला काच काढून तपासत होते, पास म्हणून सही करत होते, आणि परत आंधळे करून शिडीवरून उतरत होते. टाळ्या घेतल्या. ही डायरी घेतली.

मास्तरांनी वर बघितलं होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डोळे बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या डोळ्याच्या तोंडावर पण काचच असते ना? तो म्हणाला, "छे हो मॅडम, ती काच नाही. तो नीलम असतो, कारखान्यात बनवलेला. साध्या काचेतून उजेड जातो, पण ज्योतीचे ते किरण जात नाहीत. का, कुणी काच लावली की काय?" आणि हसला. मी म्हटलं नाही, नाही.

तोंडातून आपोआप निघालं. नाही, नाही.

उरलेल्या चार डोळ्यांवर काचा अजून होत्या. काल दुपारपासून मला माहीत होतं, आणि तरी आज सकाळची पाळी त्या चार आंधळ्यांखाली उभी राहून बाटल्या भरत होती. हे लक्षात आलं तशी शिडी घेऊन धावले. 'धुवायला नेतेय' असं सांगून चारही काचा काढून आणल्या. निदान एवढं तरी केलं.

पण बोलले नाही. साहेब समोरून गेले, मी खिशातल्या काचा मुठीत घट्ट धरल्या. माझी अजून सतरा वर्षं नोकरी आहे. घराचा अर्धा भार माझ्यावर. नणंदबाईंची दोनच वर्षं राहिलीत, असाही विचार मनात आला. आला, म्हणून लिहिला. आता वाचून स्वतःचीच किळस येतेय.

जेवण गेलं नाही. नणंदबाईंनी ताट उचललं, काही विचारलं नाही.

३ मार्च, सोमवार

सकाळी दहाला भोंगा वाजला. सगळे जिवाच्या आकांताने मैदानात पळाले. एक बाई तर रडायलाच लागली. आत कुठे काही नव्हतं. गरम मशीनसमोरून ट्रॉल्या जात होत्या, डोळ्याला भास झाला. खोटा भोंगा, नऊ महिन्यांनी पहिला.

साहेब उन्हात तडतडत माझ्यापाशी आले. "काचा कुठायत?"

"धुवायला काढल्यात."

"आत्ताच्या आत्ता लावा परत. काचा होत्या तोवर कसं सगळं शांत होतं!"

मैदानात साठेक माणसं होती. तीन नंबरच्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, हो म्हणावं, संध्याकाळी लावते म्हणावं, मग बघू. हो हा शब्द ओठांपर्यंत आला. पण हो म्हटलं की शिडीवर चढून या माझ्या हाताने परत चार डोळे फोडायचे. तेही माहीत असताना. ते मात्र हात करेनात.

"साहेब, दहा मिनिटं थांबा," म्हटलं. वर्कशॉपमधून डोळा, बॅटरी, बशी आणि एक काच आणली. मैदानाच्या कट्ट्यावर मांडली. स्पिरिट पेटवलं. उन्हात ज्योत दिसेना. एकीला वाटलं मी काडी लावलीच नाही, म्हणून तिने हात पुढे केला. मी केवढ्याने ओरडले! तिने हात मागे घेतला. डोळ्याचा लाल दिवा लागला. मग मी काच लावली.

दिवा विझला.

मी काच काढली, लागला. लावली, विझला. तिसऱ्यांदा करायची गरज पडली नाही. साहेबांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांचीच काळजी वाटली.

"हे मी केलंय," मी म्हटलं. "पॅनेलवरून कुणी काही दाबलं नाही. दाबण्यासारखं तिथे काही लागलंच नव्हतं. माझा अहवाल खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि हे मला गुरुवारपासून माहीत आहे."

ते शेवटचं वाक्य सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण बाहेर पडलं.

मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "अरे देवा, मास्तर." बस, तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला निलंबित केलंय. चौकशी व्हायची ती होईल. नणंदबाईंचं निलंबन मागे घेतल्याचं पत्र माझ्याच हातात दिलं, एकाच घरात जायचं म्हणून.

४ मार्च, मंगळवार

कालचं अर्धं राहिलं होतं.

घरी नणंदबाई एकट्याच होत्या. पत्र पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी केली, पाकिटात घातलं. मी सगळं सांगितलं. या डायरीत त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय तेही सांगितलं. रडले. त्यांनी रडू दिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"खात्री नव्हती. शुक्रवारी तुझं ताट तसंच राहिलं तेव्हा झाली."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत? मला तरी का नाही विचारलंत?"

"मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, स्वतःचं मरण भावजयीच्या गळ्यात मारतेय. आणि तुला विचारलं असतं तर तू भांडली असतीस." हे खरंच आहे. "अकरा वर्षं पॅनेलसमोर बसलेय गं. दिवा लागायची वाट बघत बसायचं, हेच तर माझं काम. म्हटलं, हा कधी लागतो बघू."

"आणि लागलाच नसता तर?"

त्या चहा ठेवायला उठल्या. त्यांच्या पाठीकडे बघताना मला कळलं की हे दहा दिवस त्या झोपल्या नसाव्यात.

६ मार्च, गुरुवार

मास्तरांकडे गेले. डावा हात वाचेल. उजव्याची दोन बोटं काढावी लागणार. खडू धरायची दोन.

सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. त्यांच्या बायकोने मधेच उठून खिडकीकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत वळवलं नाही. मास्तर छताकडे बघत राहिले. माफ करा म्हणायला मी गेले नव्हते, म्हटलंही नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

मग ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, बाई."

"हो."

"पेंगत असला तर, म्हणून."

"हो मास्तर."

मग म्हणाले, तहान लागलीय. त्यांच्या बायकोने मागे वळून पाहिलं नाही. मी पेला त्यांच्या ओठांशी धरला. माझ्याकडे न बघता ते पाणी प्यायले, सगळा पेला.

१० मार्च, सोमवार

आज नणंदबाईंचा कामावर पहिला दिवस. डबा मी भरून दिला. हे कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले, म्हणाले, मीठ जास्त घातलं नाहीस ना. एवढंच, पण बोलले.

रिकाम्या घरात करमेना. भिंतीवरच्या फोटोंच्या काचा पुसायला घेतल्या आणि तशाच ठेवल्या. सव्वाअकराला फोन वाजला. नणंदबाई होत्या. मागे माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"काय झालं ताई? कुणाला काही..."

"काही नाही गं. भोंगा झाला. सगळे मैदानात उभे आहोत." त्यांना धाप लागली होती. "ट्रॉल्यांमुळेच. खोटाच होता."

"नक्की खोटा?"

"नक्की. बायका वैतागल्यात, ऊन फार आहे. साहेब तोंड पाडून उभे आहेत." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "दिवा लागला गं. माझ्या डोळ्यांदेखत लागला. म्हटलं, तुला सांगावं."

मी खाली बसले. फोन कानाला तसाच होता. पलीकडे बायका कटकट करत होत्या, कुणीतरी किती वेळ उभं करणार म्हणून ओरडत होती, आणि ते सगळं मी शेवटपर्यंत ऐकत राहिले.